राणेंच्या छातीवरून रणगाडा गेला नव्हता

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. परमवीर रामा राघोबा राणे यांनी 1948 साली काश्मिरात छातीवरून रणगाडा जाऊ दिला, एकट्याने राजौरी जिंकली, तिथेच हुतात्मा झाले आणि सरकारने साधं पदकही दिलं नाही. खाली झेंडे, आणि ‘खरा मर्द असशील तर वीस जणांना पाठव’. माझ्या पुतण्याने तो मलाही पाठवला. पोरगा सैन्यभरतीची तयारी करतोय. त्याच्यासोबत धावणाऱ्या पोट्ट्यांनी तर यावरून रीलच काढली. एक जण वावराच्या वाटेवर उताणा, दुसरा त्याच्या अंगावरून ट्रॅक्टर नेतोय, मागे रोटाव्हेटर तसाच जोडलेला. म्हणून लिहितोय, नाहीतर असे मेसेज मी उघडतसुद्धा नाही.

नौशेरा-राजौरी रस्त्यावर आपले स्टुअर्ट रणगाडे होते. हलके म्हणायचे त्यांना, पण वजन बारा टनांच्या वर. त्याचा पट्टा छातीवरून गेला तर काय उरतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. अर्धं खरं एवढंच की राणे एका रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधून सरपटत त्याच्याबरोबर पुढे गेले आणि दोरीला हिसके देऊन चालकाला ‘थांब’, ‘चल’ सांगत राहिले, असं सांगतात. बरं, मानलं. पण शिरले काहून? वरून मशीनगनचा मारा, पुढे सुरुंग, आणि रणगाड्यांना वाट करून द्यायची. छाती दाखवायला कोणी खाली झोपलं नव्हतं.

त्यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र कोणालाही वाचता येतं. दोरीचा प्रसंग त्यात नाही, पण जे आहे ते वेळेसकट आहे. 8 एप्रिलला सकाळी अकरा वाजता, नदपूरजवळ, पेरलेले सुरुंग काढायचं काम सुरू व्हायच्या आधीच उखळी तोफांचा मारा आला. त्यांच्या तुकडीतले दोन जण ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी लगेच माणसं पुन्हा जमवली अन् कामाला लागले. संध्याकाळी बरवाली ही डोंगरधार हाती आल्यावर रणगाड्यांसाठी वळणरस्ता करायला घेतला, तो शत्रूच्या डोळ्यांदेखत रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा सुरू. रस्त्यात आडवे पाडलेले चीडचे झाड स्फोटकांनी उडवायचे, तीनशे यार्डांवर पुन्हा तेच, मग मोडलेला पूल. अंधार पडताना पाच मोठी झाडं आली, भोवती सुरुंग. ती 10 तारखेला पहाटे पावणेपाचला हाती घेतली, साडेसहाला वाट मोकळी. त्या दिवशी रणगाडे दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र मागच्या गाड्यांसाठी रस्ता साफ करत रात्री नऊपर्यंत, पोटात अन्न नाही, विश्रांती नाही. 11 ला परत सकाळी सहा.

तेही अंगावर जखम घेऊन. यात रील काढण्यासारखं काही नाही, हीच अडचण असावी.

‘एकट्याने’ म्हणणं तर खोटं आहेच, वर वाईटही. सैन्यातल्या इंजिनिअरांच्या 37 असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी होती ती. पहिल्याच दिवशी गेलेल्या त्या दोघांना या एका शब्दाने पुसून टाकलं. राजौरी 12 तारखेला घेतली ती पायदळ आणि रणगाड्यांनी मिळून.

हुतात्मा? 1968 साली मेजर म्हणून निवृत्त झाले, 1994 ला पुण्यात वारले. पदकाचं काय सांगायचं! पहिल्या ओळीत ‘परमवीर’ लिहून शेवटी पदक दिलं नाही म्हणणाऱ्याने स्वतःचाच मेसेज वाचला नसावा.

आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, हे मात्र कबूल. 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं, तेही किती जणांनी वाचलं असेल कोणास ठाऊक. आणि भरतीवाल्या पोट्ट्यांच्या कामाची गोष्ट त्या मेसेजात नाहीच. राणे थेट अधिकारी झाले नव्हते. 1940 साली बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या इंजिनिअर दलात साधे जवान म्हणून लागले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर राबले. कमिशन मिळालं डिसेंबर 1947 मध्ये. हा रस्ता वाट्याला आला तेव्हा अधिकारी होऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते.