दीड मीटरचं सौजन्य

गाडीवाले हल्ली सायकलवाल्यांशी जरा सौजन्याने वागायला लागलेत का, हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, जी सायकल चालवत नाहीत आणि दुसरी, जी नुकतीच चालवायला लागलीत. मुरलेला सायकलवाला असलं काही विचारत नाही. उत्तर ऐकायला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की हँडलही वळतं. (यावर उपाय आहे, तो पुढे सांगतो.)

माझं उत्तर तयार आहे: हातवारे सुधारले, अंतर नाही. काचेआडून हसणारे वाढलेत, ‘तुम्ही आधी’ म्हणून पंजा हलवणारे वाढलेत, कानाशी कर्कश्श हॉर्न वाजवण्याऐवजी दोनदा हळूच ‘पीं पीं’ करणारेही वाढलेत. पण गाडीवाल्याचं हसू मागून येतं, ते सायकलवाल्याला दिसणार कसं? त्याला हवी असते जागा. सौजन्य मोजायचंच असेल तर सायकलच्या हँडलच्या टोकापासून गाडीच्या आरशाच्या टोकापर्यंत टेप धरावी आणि आकडा वाचावा.

हा आकडा किती असावा हे बऱ्याच देशांनी आता लिहूनच टाकलंय, कारण ‘पुरेशी जागा सोडा’ म्हटलं की प्रत्येकाचं पुरेसं वेगळं निघतं. जर्मनीत 2020 पासून गावात किमान दीड मीटर, गावाबाहेर दोन. फ्रान्समध्ये गावात एक, बाहेर दीड. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत 2022 साली ताशी 30 मैलांपर्यंत किमान दीड मीटर आलं, वेग वाढला की त्याहून जास्त. ऐकताना सगळ्या गाडीवाल्यांना हे पटतं. ‘मी सोडतोच की तेवढं!’ असंही ते म्हणतात, आणि अगदी मनापासून म्हणतात.

आता हिशोब करू. लेन साडेतीन मीटर रुंद धरा, म्हणजे बरी ऐसपैस. सायकलचं चाक कडेपासून 75 सेंटिमीटरवर. हँडल 60 सेंटिमीटरचं, म्हणून त्याचं बाहेरचं टोक कडेपासून 105 वर आलं. त्यापुढे दीड मीटर मोकळं सोडलं की 255. त्यापुढे मोटार, दोन्ही आरसे धरून दोन मीटर. झाले 455. लेन आहे 350 ची. म्हणजे नियमाने ओव्हरटेक करायचं तर गाडी एक मीटरहून जास्त पलीकडच्या लेनमध्ये गेलीच पाहिजे, त्याला इलाज नाही. आणि जो आपली लेन न सोडता ‘बसतंय, बसतंय’ करत निघतो, त्याने पलीकडच्या रेषेला अगदी चिकटून गाडी काढली तरी सायकलवाल्याच्या वाट्याला 45 सेंटिमीटर उरतात. जुन्या मापाने बरोबर एक हात. तेही सायकलवाला सरळ रेषेत चालला, त्याला खड्डा लागला नाही आणि शिंक आली नाही तर.

शिवाय गाड्याही बाळसं धरतायत. युरोपात 2018 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींची सरासरी रुंदी 177.8 सेंटिमीटर होती, 2023 च्या पहिल्या सहामाहीत ती 180.3 झाली, आरसे वेगळे. लेन मात्र आहे तेवढीच. गाडीवाल्याच्या स्वभावात काडीचाही बदल झाला नाही असं धरलं, तरी गाडीच्या पोटामुळे सौजन्य अडीच सेंटिमीटरने घटलंय.

‘पण समोरून गाडी येत असते हो, पलीकडच्या लेनमध्ये जाणार कसं?’ हा पुढचा प्रश्न. जायचं नाही. थांबायचं. इथेच खरी गोम आहे. सायकल ताशी 20 किलोमीटरने चाललीय, गाडी 40 ने. गाडीने दहा मीटर मागून बाहेर पडायचं आणि दहा मीटर पुढे जाऊन परत आत यायचं म्हटलं, तर दोघांच्या लांब्या धरून सायकलपेक्षा 26 मीटर जास्त कापावे लागतात. त्याला लागतात पावणेपाच सेकंद. तेवढ्यात गाडी जाते 52 मीटर, समोरची गाडीही त्याच वेगाने 52 मीटर येते. म्हणजे समोर किमान 104 मीटर रस्ता मोकळा पाहिजे. नसेल तर सायकलच्या मागे गपचूप चालायचं. समजा, 15 सेकंद चालावं लागलं. नुकसान किती? साडेसात सेकंद. हे साडेसात सेकंद वाचवायला माणूस कट मारून जातो आणि पुढच्या सिग्नलला अर्धा मिनिट ताटकळतो. तिथे तोच सायकलवाला त्याच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. दोघंही सरळ समोर बघतात. या दोघांमधल्या शांततेवर कोणीतरी लिहायला हवं.

मागे चालणाऱ्यातही प्रकार आहेत. एक बिचारा इतका सौजन्यशील असतो की दोन मीटरवरून, पहिल्या गिअरमध्ये घरघरत, सायकलच्या मडगार्डला जणू नाक लावून येतो. त्याला वाटतं आपण सोबत करतोय. सायकलवाल्याला वाटतं, आता ब्रेक लावला तर याच्या बॉनेटवरच उतरणार. ताशी 20 च्या वेगाला दोन सेकंदांचं अंतर म्हणजे 11 मीटर. तेवढं मागे राहिलं की सौजन्य पोचतं.

एवढे कट मारतात कोण, हे मोजायला लोकांनी सायकलला सेन्सर बांधून पाहिलेत. सेन्सर ध्वनिलहर सोडतो, ती गाडीवर आपटून परत येते आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. गाडी दीड मीटरवर असेल तर हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत उरकतं. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातले इयन वॉकर यांचा 2007 सालचा अभ्यास यात गाजलेला. त्यांनी हेल्मेट घातलं तेव्हा गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. लांब केसांचा टोप घातला तेव्हा 14 सेंटिमीटर लांबून. या आकड्यांवर पुढे संशोधकांत बरंच वाजलं, तेव्हा हेल्मेट काढून टोप आणायला धावू नका. त्याहून मजेदार त्यांचा पुढचा प्रयोग. सात वेगवेगळे पोशाख घालून पाहिले. ‘कृपया हळू जा’ अशी नम्र विनंती छापलेल्या जॅकेटचा काही फायदा झाला नाही. थोडं जास्त अंतर मिळालं ते एकाच जॅकेटला, ज्यावर पोलिसांचा उल्लेख होता आणि चित्रीकरण चालू आहे असं लिहिलं होतं. तेही पाचेक सेंटिमीटर. पोशाख कोणताही असो, शंभरात एखाद-दुसरा पन्नास सेंटिमीटरच्या आतून गेलाच.

हा एखाद-दुसरा फार महत्त्वाचा. कारण बाकीचे अठ्ठ्याण्णव कधी येऊन गेले ते सायकलवाल्याला कळलेलंही नसतं. नीट जागा सोडून गेलेली गाडी म्हणजे न दुखणारा दात. तिची आठवण राहत नाही. एक जण घासून जातो आणि संध्याकाळी गप्पांमध्ये सगळी गाडीवाली जमात आरोपी होते. म्हणून ‘सुधारणा झाली का?’ हे सायकलवाल्याच्या आठवणीला विचारू नये. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 60 सायकलस्वारांना ओलांडून गेलेल्या अठरा हजारांवर गाड्यांची अंतरं नोंदली गेली. सतरांतली एक गाडी एक मीटरच्या आतून गेली होती. आणि गंमत म्हणजे, सायकलसाठी पांढरी रेघ मारून दिलेल्या रस्त्यांवर अंतर वाढलं नाही, उलट सरासरी पाव मीटरहून थोडं जास्त घटलं. गाडीवाला रेघ बघतो आणि म्हणतो, तो त्याच्या घरात, मी माझ्या घरात. मग सायकलकडे बघायचं कारणच उरत नाही. नुसत्या रंगाचा डबा घेऊन निघालेल्या नियोजनकारांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. चार बोटं उंचीचा का होईना, कठडा बांधा.

आता पंजा हलवणाऱ्यांकडे येतो, कारण माझी खरी धास्ती तीच आहे. दोन लेनचा वाहता रस्ता, कडेला रस्ता ओलांडायला थांबलेला सायकलवाला. पहिल्या लेनमधल्या गाडीवाल्याच्या मनात दया दाटून येते. तो करकचून थांबतो आणि ‘या, या’ करतो. मागे हॉर्नची माळ लागते. सायकलवाला संकोचाने निघतो, आणि या थांबलेल्या गाडीच्या आडून दुसऱ्या लेनमधली गाडी भरधाव येते. तिच्या ड्रायव्हरला सायकल दिसलेली नसते, पंजा तर नाहीच. पहिला फक्त आपल्या लेनचा मालक होता, पण निमंत्रण त्याने अख्ख्या रस्त्याचं दिलं. अशा वेळी जायचं नाही. पाय टेकवायचा, मान नकारार्थी हलवायची आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचं. दोन सेकंदांत दया ओसरते. निघालातच, तर त्या गाडीच्या बंपरच्या टोकाशी पुन्हा थांबून पलीकडे डोकवायचं. गाडीवाल्यांना माझं सांगणं इतकंच, की पाळी तुमची असेल तर जा. सायकलवाल्याला दयेपेक्षा अंदाज बांधता येणं जास्त गरजेचं.

याचाच दुसरा भाऊ: ओव्हरटेक करतो आणि पुढच्या क्षणाला सायकलच्या तोंडासमोरून कडेच्या गल्लीत वळतो. यात दुष्टावा नसतो. मागे टाकलेली वस्तू जागच्या जागी राहते अशी त्याची समजूत असते, आणि सायकल तर सेकंदाला साडेपाच मीटर पुढे येत असते. त्यातून मोटर लावलेल्या सायकली आल्यापासून पिकल्या केसांचे गृहस्थही आरामात ताशी 25 ने येतात आणि सगळेच अंदाज चुकतात. वळायला पन्नासेक मीटर राहिले असतील तर मागेच थांबावं. ट्रकच्या बाबतीत ही जबाबदारी सायकलवाल्याची, कारण तिथे चूक सुधारायला संधी नसते. लांब गाडी वळताना पुढची चाकं आधी रुंद जातात आणि मागची आत कापत येतात. ट्रकने पुढून जागा सोडलेली दिसली म्हणून त्या खाचेत शिरायचं नसतं. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्ही त्याच्या लेखी नाही.

उभ्या गाडीचं दार हा आणखी एक विषय. पूर्ण उघडलेलं दार साधारण मीटरभर बाहेर येतं. ताशी 20 च्या वेगाला दचकण्यात एक सेकंद आणि ब्रेकला तीनेक मीटर धरले तर सायकल थांबायला नऊ मीटर लागतात. दार पाच मीटरवर उघडलं तर पुढचं सांगायला नको. म्हणून उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब चालवायचं. सीटवर डोकं दिसतंय का, ब्रेकचा लाल दिवा आत्ताच विझलाय का, हे बघत. गाडीत बसणाऱ्याने फक्त दारापासून लांबच्या हाताने दार उघडायचं. खांदा वळतो, नजर आपोआप आरशावरून मागे जाते. ब्रिटनच्या त्याच 2022 च्या नियमावलीत हेही आलंय. बिनपैशाची इतकी चांगली सुधारणा मला दुसरी माहीत नाही.

सायकलवाल्यानेही अंग चोरून गटाराच्या कडेला चिकटू नये. तिथे वाळू असते, काचा असतात आणि जाळी. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असतील तर 28 मिलिमीटरचं टायर ती अख्खं गिळते. ते चुकवायला झटकन आत यावं लागतं आणि मागचा म्हणतो, ‘अचानक मध्ये आला!’ त्यापेक्षा पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालवावं. अरुंद पूल किंवा बोळ आला की आधीच लेनच्या मध्यावर जावं, म्हणजे ‘बसतंय’वाल्याला बसवून बघायचा मोहच होत नाही.

आणि मागे बघावं. हँडल न वळवता मान वळवायची तर कोपरं सैल, मुठी सैल, हनुवटी खांद्याला, एक सेकंद, परत पुढे. घट्ट धरलंत की हँडल खांद्याबरोबर येतं. मोकळ्या मैदानात रेषेवरून चालवत सराव करा. याचा परिणाम विलक्षण. पाठ दिसते तोवर मागच्याला तुम्ही अडथळा असता. चेहरा दिसला की माणूस. शिवाय हा वळणार की काय अशी शंका येते, आणि मी तर म्हणेन, आदरापेक्षा शंकेने जास्त जागा मिळते. काही जण कॅरियरवर आडवी फोमची नळी बांधतात, पोहायला शिकताना वापरतात ती. नळीपासून गाड्या लांब राहतात म्हणे. रंगाला चरा पडला तर वाईट दिसतो ना!

सगळ्यात मोठा फरक पडतो तो संख्येने. पीटर जेकबसेन या संशोधकाने 2003 साली दाखवून दिलं की सायकलवाले दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत, साधारण 32 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे एकेकाचा धोका तिसऱ्या हिश्श्याने कमी. गाडीवाल्याला सवय लागते, आणि पुष्कळदा त्याच्या घरातलंच कोणीतरी सायकलवर असतं.

बरं, एखाद्याने खरोखरच 11 मीटर मागे राहून, मोकळा रस्ता बघून, पूर्ण लेन सोडून ओव्हरटेक केलं, तर आभार जरूर मानावेत. पण रीतसर. पाचही बोटं उघडी, पंजा सरळ. कमी बोटांचे गैरसमज होतात. कोणता हात उचलताय ते आधी बघा. उरलेल्या हाताखाली पुढचा ब्रेक असेल तर तो जपून दाबायचा, नाहीतर वजन पुढे जातं आणि आभार मानता मानता दंडवत घडतो. पुढे खड्डा दिसत असेल तर हात उचलूच नका. नुसती मान हलवली तरी पोचते.