१३१ आणि १७५: सीमाभागात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

राष्ट्रपती निवडणुकीचा विषय निघाला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचा आशय असा: राष्ट्रपती निवडताना महाराष्ट्रातल्या आमदाराचं मत १७५ धरतात आणि कर्नाटकातल्या आमदाराचं १३१, म्हणजे कर्नाटकात राहावं लागल्यामुळे सीमाभागातल्या मराठी माणसाची किंमत ४४ने घसरली. त्यालाच जोडून आणखी गोष्टी येतात. राज्याची सगळी मतं एकाच उमेदवाराला जातात. आमदाराला पक्ष सांगेल तिथंच मत द्यावं लागतं. आपल्याकडच्या आमदारांनी मनावर घेतलं तर मराठी उमेदवार उभा करता येईल. राष्ट्रपती एका सहीने सीमाप्रश्न मिटवू शकतात. आणि मतपत्रिकेवर मराठी आकडा लिहिला तर मत बाद होतं.

१३१ आणि १७५ हे आकडे खरे आहेत. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे, आणि बाकीच्यांपैकी एकही गोष्ट टिकत नाही. सीमाभागाकडे मांडण्यासारख्या खऱ्या तक्रारी भरपूर आहेत. त्यात चुकीचं गणित मिसळलं की खऱ्या तक्रारीचंही वजन जातं, म्हणून हे सविस्तर.

आधी मोठा मुद्दा, मताच्या किमतीचा. राज्यघटनेच्या कलम ५५ मध्ये हिशोब दिला आहे: राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेतल्या निवडून आलेल्या सदस्यांची संख्या, आणि येईल त्या आकड्याला पुन्हा हजाराने भागायचं. बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा. लोकसंख्या १९७१च्या जनगणनेची धरतात.

कर्नाटक: २,९२,९९,०१४ भागिले २२४, म्हणजे १,३०,७९९. हजाराने भागल्यावर १३०, बाकी ७९९. ती ५००च्या वर, म्हणून १३१.

महाराष्ट्र: ५,०४,१२,२३५ भागिले २८८, म्हणजे १,७५,०४२. हजाराने भागल्यावर १७५, बाकी ४२. ती सोडून दिली.

आता उलट बाजूने बघा. कर्नाटकाची एकूण मतं १३१ गुणिले २२४, म्हणजे २९,३४४, आणि लोकसंख्या सुमारे २ कोटी ९३ लाख. महाराष्ट्राची मतं ५०,४००, लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख. दोन्हीकडे हजार माणसांमागे एक मत. कर्नाटकात एक आमदार सरासरी १ लाख ३१ हजार माणसांचा धरला आहे, महाराष्ट्रात १ लाख ७५ हजारांचा, म्हणून आकडे वेगळे दिसतात. आपल्याकडे हे उसाच्या काट्यावर रोज दिसतं. एका ट्रॉलीत तेरा टन ऊस आणि दुसऱ्या ट्रॉलीत साडेसतरा टन असेल तर पावतीवरची रक्कम वेगळी येणारच. दर मात्र टनाला तोच. मेसेज लिहिणाऱ्याने दोन ट्रॉल्यांच्या पावत्या शेजारी ठेवल्या आणि वजनाचा रकाना झाकला.

बारकाईनेच बघायचं तर आकडा पूर्ण करताना कर्नाटकाला ४५ मतं जास्त मिळाली आणि महाराष्ट्राची १२ कमी झाली. दहा लाखांवर मतांच्या निवडणुकीत याने काही बिघडत नाही, पण तोटा कुठल्या बाजूला आहे ते तरी कळतं.

मग बेळगाव महाराष्ट्रात असतं तर? याचं उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही, आंध्रात ते घडून गेलं आहे. अखंड आंध्र प्रदेशाचे २९४ आमदार होते आणि प्रत्येकाचं मत १४८चं. २०१४ला तेलंगण वेगळं झालं. आंध्रात १७५ आमदार राहिले, त्यांचं मत १५९ झालं. तेलंगणाकडे ११९ गेले, त्यांचं १३२ झालं. आधीची बेरीज ४३,५१२, नंतरची ४३,५३३. माणसं तीच, मतंही जवळजवळ तीच. सरहद्द सरकली की माणसं आणि मतदारसंघ दोन्ही सरकतात, आणि भागाकार नव्याने होतो.

१९७१ची लोकसंख्या का, हा प्रश्न रास्त आहे. कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या राज्यांचं राजकीय वजन घटू नये म्हणून १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हे आकडे गोठवले, आणि २००१च्या ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. पण यात बेळगावला बाजूला काढून काही केलेलं नाही. २०११ची लोकसंख्या आणि आजच्याच जागा धरल्या तर कर्नाटकाचा आकडा २७३ येतो आणि महाराष्ट्राचा ३९०. हजारामागे एक मत हे प्रमाण तेव्हाही सुटत नाही.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवायला हवा. सीमाभागात १३१ हा आकडा सगळ्यांच्या कानावर आहे, कारण महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा कलम १३१खालचा आहे. राज्याराज्यांमधले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याचं ते कलम. आमदाराच्या मताचा १३१ हा भागाकाराचा आकडा. दोन्ही सारखे निघाले, एवढाच योगायोग.

मतदार कोण, हेही नीट माहीत हवं. कारण आपण विधान परिषदेच्या सदस्यालाही आमदारच म्हणतो. राष्ट्रपती निवडतात ते लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार, आणि राज्यांच्या तसंच दिल्ली व पुद्दुचेरीच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. परिषदेच्या सदस्यांना आणि नामनियुक्तांना मत नाही. बेळगाव जिल्ह्यात निपाणीपासून रामदुर्गपर्यंत विधानसभेचे १८ मतदारसंघ. त्यांची मिळून २,३५८ मतं. खासदाराच्या मताची किंमत सगळ्या देशात एकच असते: सर्व आमदारांच्या मतांची बेरीज भागिले निवडून आलेले खासदार. २०२२ला ५,४३,२३१ भागिले ७७६, म्हणजे ७००. त्याआधी २०१७ला ती ७०८ होती. मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा राहिली नाही, म्हणून बेरीज घटली. आमदार कुठल्या पक्षाचा आहे, अपक्ष आहे की सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा, यावर किंमत बदलत नाही. समितीचे आमदार सभागृहात होते तेव्हा त्यांचं मतही बाकीच्यांएवढंच मोजलं गेलं.

राज्याची सगळी मतं एकाच उमेदवाराला जातात, हा समज अमेरिकेच्या बातम्या वाचून आलेला आहे. तिथं बहुतेक राज्यांत तसं होतं, मेन आणि नेब्रास्का सोडून. आपल्याकडे प्रत्येक आमदाराचं मत स्वतंत्र आहे. बेंगळुरूच्या विधानसौधातल्या मतपेटीतून कर्नाटकाची मतं वेगवेगळ्या उमेदवारांत वाटली गेलेली निघतात.

व्हिपचं, म्हणजे पक्षाच्या बंधनकारक आदेशाचं, तर मेसेजमध्ये पूर्ण उलटं लिहिलं आहे. राष्ट्रपती निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. मतदान गुप्त असतं आणि पक्षांतरबंदीचा कायदा इथे लागत नाही. पक्ष आवाहन करतो, बैठक घेतो, पण उलट मत दिलं म्हणून कोणाची आमदारकी जात नाही. मराठी वाचकाला २००७ आठवत असेल: शिवसेना भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती, तरी तिने आघाडीचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावतांना मत दिलं नाही, प्रतिभाताई पाटलांना दिलं.

ज्याला जास्त मतं तो जिंकला, असंही नाही. इथे पसंतीक्रम असतो. बाद मतं काढून उरलेल्या वैध मतांच्या किमतीची निम्मी अधिक एक, हा कोटा. २०२२ला वैध मतांची किंमत १०,५६,९८० होती, कोटा ५,२८,४९१. द्रौपदी मुर्मूंना ६,७६,८०३ मिळाली आणि पहिल्याच फेरीत निकाल लागला. कोणीच कोटा गाठला नाही तर सगळ्यात मागे असलेल्या उमेदवाराला वगळतात आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे बाकीच्यांत वाटतात. वाटताना किंमत तीच राहते: १३१ची पत्रिका १३१चीच.

हे प्रत्यक्ष घडलं ते १९६९ला, आणि त्यात एक मराठी नाव आहे. वराहगिरी गिरी ४,०१,५१५ मतांवर होते, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ वर, आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १,१२,७६९ वर. कोटा ४,१८,१६९ होता, म्हणजे गिरी पुढे असूनही अडले. चिंतामणरावांच्या पत्रिकांवरची दुसरी पसंती उघडली तेव्हा तिचा मोठा लोंढा रेड्डींकडे गेला. शेवटी रेड्डी ४,०५,४२७ आणि गिरी ४,२०,०७७. ज्यांनी देशमुखांना पहिलं मत दिलं त्यांचं मत वाया गेलं नाही. राष्ट्रपती कोण हे त्यांच्याच दुसऱ्या पसंतीने ठरायची वेळ आली होती.

अठरा आमदारांचा उमेदवार: होत नाही. अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, सगळे या निवडणुकीचे मतदारच, आणि एका मतदाराला एकाच अर्जावर सही करता येते. अनामत १५,००० रुपये. जिंकायला लागणाऱ्या मतांच्या, म्हणजे कोट्याच्या, सहाव्या हिश्शाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधण्यासाठी १९९६च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, ही गोष्ट जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. त्यानंतर लोकसभेची अनामत ५००वरून १०,००० झाली आणि १९९७ला राष्ट्रपती निवडणुकीतली सूचक-अनुमोदकांची संख्याही दहा-दहावरून पन्नास-पन्नास झाली. तो रस्ता इथे बंद आहे.

एका सहीचा दावा सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे, कारण त्याने लोक चुकीच्या दारात जाऊन बसतात. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ने संसदेला दिला आहे. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही हे खरं, पण ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. विधेयक आधी संबंधित राज्यांच्या विधिमंडळांकडे मत मागवायला जातं. ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं होतं, तरी फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असतो. फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो, आणि तीही सोय १९७८च्या ४४व्या दुरुस्तीनंतर आली.

या सहीला किती मोकळीक असते ते याच पट्ट्यातल्या माणसाने अनुभवलं आहे. जमखंडी तालुक्यातल्या सावळगीचे बी. डी. जत्ती १९७७ साली फेब्रुवारी ते जुलै हंगामी राष्ट्रपती होते. एप्रिलमध्ये जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला. जत्ती लगेच सही करायला तयार नव्हते. ३० एप्रिलला सही झाली. मंत्रिमंडळाने मागितलेल्या सहीची ही गत, तर न मागितलेली सही राष्ट्रपती कशी करणार?

राहिला मराठी आकडा. आमदाराच्या हातात गुलाबी मतपत्रिका येते, खासदाराच्या हिरवी. तिच्यावर चिन्हं नसतात; एका रकान्यात उमेदवारांची नावं, दुसऱ्यात पसंतीक्रम लिहायची मोकळी जागा. मतदान यंत्र वापरत नाहीत, कारण आपली यंत्रं बटण मोजतात, पसंती नाही. आत जाताना मतदाराचं स्वतःचं पेन काढून घेतात आणि निवडणूक आयोगाचं जांभळ्या शाईचं पेन देतात; दुसऱ्या पेनाने लिहिलेलं मत बाद. पहिली पसंती लिहिलीच पाहिजे, पुढच्या लिहाव्यात की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. दोन नावांपुढे १ लिहिला, १ सोडून नुसता २ लिहिला, बरोबरची खूण केली, सही केली, सगळं बाद. २०१२ला मुलायमसिंह यादवांनी चुकीच्या नावापुढे खूण झाल्यावर पत्रिका फाडून दुसरी घेतली. आयोगाने त्यांचं मत धरलं नाही. २०२२ला ५३ मतं बाद झाली, त्यात १५ खासदारांची. एवढ्या अनुभवी लोकांचं असं होतं, म्हणून हे बारकावे सांगावे लागतात.

आकडा मात्र कुठल्याही भारतीय भाषेतल्या लिपीचा चालतो, कन्नड, मराठी, रोमन, कुठलाही. अट एकच, तो अंकात हवा, अक्षरात नको. खानापूर किंवा निपाणीच्या आमदाराने नावापुढे मराठीत ‘१’ लिहिला तर त्याची १३१ मतं पूर्ण धरली जातात. ‘एक’ असं लिहिलं तर एकही नाही.