ब्राझीलबद्दल फिरणारा तो मजकूर : टिकतं किती?

विश्वचषक जवळ आला की कोल्हापूरच्या पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे चढतात आणि त्याच सुमाराला मोबाइलवर ब्राझीलची ओळख करून देणारा मजकूर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा : देश म्हणजे ॲमेझॉनचं जंगल, भाषा स्पॅनिश, पाऊस बारमाही, म्हणून ऊस फुकटात पिकतो आणि आपल्या साखरेचा भाव पाडतो, आणि सगळे मिश्र वंशाचे, त्यामुळं भेदभाव तिथं नाहीच.

भाषेचं आधी मिटवू. ब्राझील पोर्तुगीज बोलतो. १५०० साली काब्राल या पोर्तुगीज दर्यावर्दीचं आरमार त्या किनाऱ्याला लागलं आणि तेच पुढं कालिकतला आलं.

जंगल प्रचंड आहे, हे खरं. देशाचा जवळपास निम्मा भूभाग ॲमेझॉनच्या पट्ट्यात येतो. पण हा देश भारताच्या अडीचपट आहे आणि त्याचे २० कोटी ३० लाख लोक (२०२२ ची जनगणना) बहुतांशी जंगलापासून लांब, अटलांटिकच्या बाजूला राहतात. ईशान्येला काआतिंगा हा काटेरी झुडपांचा कोरडा प्रदेश आहे. तिथल्या १८७७-७९ च्या दुष्काळात लाखो माणसं गेली. दक्षिणेत सांता कातारिनाच्या डोंगरांत जून-जुलैला एखाद्या वर्षी बर्फ पडतं. बारमाही पाऊस कुठल्या ब्राझीलमध्ये, हे मजकूर लिहिणाऱ्यानं सांगायला हवं होतं.

आता ऊस. आपल्या भागात ही गोष्ट चुकीची पसरणं मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण इथल्या शेतकऱ्याचा हिशोब तिच्याशी बांधलेला आहे. ब्राझीलचा निम्म्याहून अधिक ऊस एकट्या साओ पाउलो राज्यात होतो आणि साओ पाउलो शहरापासून ॲमेझॉनमधलं मनौस सरळ रेषेत सुमारे २,७०० किलोमीटर आहे. साओ पाउलोचा हिवाळा कोरडा असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुष्काळ आणि वणव्यांनी तिथले उसाचे फड जळाले. ऊस स्वस्त पडतो त्याची कारणं वेगळी आहेत. आपण लागण (नव्यानं लावलेला ऊस), खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेलं पीक) आणि फार तर निडवा (त्यानंतरचं तिसरं पीक) घेतो. तिथं एका लागणीवर पाच-सहा तोडी होतात आणि तोडणी बहुतेक यंत्रानं. शिवाय १९७५ च्या प्रोआल्कूल या उसाचं इथेनॉल इंधन म्हणून वापरण्याच्या सरकारी योजनेपासून इथेनॉलचा पाया घातलेला आहे. २००३ पासून पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आल्या. म्हणून तिथले कारखाने रसाची साखर करायची की इथेनॉल, हे भाव बघून ठरवतात. कच्चं तेल उतरलं की इथेनॉल परवडत नाही, रस साखरेकडं वळतो आणि जगाच्या बाजारात भाव पडतो. आपल्या एफआरपीची (कारखान्यांनी उसाला द्यायच्या, सरकारनं ठरवलेल्या किमान दराची) चर्चा करताना तिकडच्या पावसाइतकंच तेलाच्या दराकडंही लक्ष हवं.

आणि याच उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला सुरुवात झाली. सोनं आणि कॉफी नंतर आली. जवळपास पन्नास लाख माणसं त्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिका खंडांत गुलामगिरी सगळ्यात शेवटी रद्द केली ती ब्राझीलनं, १८८८ साली. २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला मिश्र, ४३.५ टक्क्यांनी गोरे आणि १०.२ टक्क्यांनी काळे म्हणून नोंदवलं. रक्त मिसळलं, पण जमीन, पगार आणि शिक्षण त्या प्रमाणात मिसळलं नाही. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, तिथं तरी ‘मिसळले म्हणजे भेद संपला’ हे म्हणणं कुणी पुढं पाठवू नये. ब्राझीलनं स्वतःच २०१२ मध्ये कायदा करून केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांना दिल्या आणि त्यांत उत्पन्न व वर्णानुसार वाटा ठरवला. विरोध झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आधीच गेलेलं होतं, आणि वर्णावर आधारलेलं आरक्षण घटनेला धरून आहे असा निकाल त्याच वर्षी एप्रिलमध्ये लागला. २०२३ च्या दुरुस्तीत पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या वस्त्यांमधल्या वंशजांचाही त्यात समावेश झाला.