आधी प्रश्न विचारा, मग काय रडायचं ते रडू

आज लांबण लागणार आहे. ज्यांना केबीसीचं, म्हणजे 'कौन बनेगा करोडपती'चं, काही सोयरसुतक नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग नाही.

अण्णा सध्या माझ्याकडे पुण्याला आलेत. ऐंशी उलटली तरी कान शाबूत, आणि रात्री नऊ म्हणजे सोनी हे ठरलेलं. आज आम्ही दोघं बसलो बघायला. स्पर्धक आला, हॉट सीटवर बसला, अमिताभने नेहमीसारखं झुकून स्वागत केलं. मग त्याच्या गावाची फिल्म. मग घराची. मग चुलीपुढे बसलेली आई, मागे व्हायोलिन. मग प्रेक्षकांत बसलेली बायको डोळे पुसतेय. मग जाहिराती. मी उठले, ओटा आवरला, दुधाला विरजण लावलं, परत येऊन बसले, तरी गप्पाच चाललेल्या. अण्णांनी काही न बोलता रिमोट उचलला, म्यूट दाबलं आणि पेपर उघडला. म्हणाले, "प्रश्न आला की सांग."

मला इतकं लागलं ना ते. मुका टीव्ही, त्यात ओठ हलवणारा बच्चन, आणि माझा बाप पेपरात तोंड घालून प्रश्नाची वाट बघतोय. केबीसी बघताना! अण्णा!

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. 3 जुलै 2000 ला स्टार प्लसवर हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा अण्णा कराडच्या कोर्टात कारकून होते. आमच्याकडे केबल नुकतीच आली होती. नऊच्या आत जेवणं उरकायची, आईने भांडी सकाळवर टाकायची, आणि अण्णा कोर्टातल्या पाठकोऱ्या कागदांची चळत आणि पेन घेऊन बसायचे. प्रश्न उतरवून घ्यायचे. नियम एकच, उत्तर पर्याय दिसायच्या आत द्यायचं. पर्याय बघून दिलेलं उत्तर आमच्या घरात धरलं जात नसे. "त्यात काय, चारातलं एक कुणीही सांगतंय." मी आणि दादा ओरडून ओरडून घसे बसवायचो. शेजारच्या काकू तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून उत्तरं द्यायच्या आणि बऱ्याचदा आमच्या आधी द्यायच्या.

हर्षवर्धन नवाथे एक कोटीच्या प्रश्नाला आला तो दिवस तुमच्यापैकी कितीतरी जणांना आठवत असेल. आपल्या मुंबईचा, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. प्रश्न काय होता? संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी राज्यघटनेने यातल्या कुणाला दिलीय? अमिताभचं वाक्य पुरं व्हायच्या आत अण्णा म्हणाले, "ॲटर्नी जनरल. कलम 88." पर्याय आले. नवाथे विचार करत होता. अण्णांनी पेन खाली ठेवलं होतं. आणि आई म्हणाली, "अहो, मग तिथं जाऊन सांगा की! इथं आम्हाला काय सांगताय?" अण्णा म्हणाले, "फोन लागू दे आधी."

फोन काही लागला नाही. तेव्हा फोनवरून नाव नोंदवायला लागायचं आणि लाईन कायम एंगेज. तो विषयच वेगळा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तेव्हा प्रश्न आपल्यालाही विचारलेला असायचा. हॉट सीटवरच्या माणसाला आणि कराडच्या कारकुनाला एकाच क्षणी, एकच प्रश्न. आमच्यात आणि त्याच्यात फक्त फोन लागला की नाही एवढाच फरक. तो कोण, कुठला, बाप काय करतो, कर्ज किती, हे दोन वाक्यांत उरकायचं. माणूस कळायचा तो खेळण्यावरून. कोण पटकन लाइफलाइन उधळतो, कोण तीन लाख वीस हजारावर पोचल्यावर सैल सुटतो, कोण खात्री नसताना "कॉन्फिडेंट" म्हणतो. अख्खा स्वभाव दिसायचा. त्याला चुलीपुढची आई दाखवावी लागत नव्हती.

आणि पंधराच प्रश्न हो! हजारापासून कोटीपर्यंत पंधरा पायऱ्या, दहा हजार आणि तीन लाख वीस हजार असे दोन खात्रीचे टप्पे, तीन लाइफलाइन. आईला नीट कळायचं. आता? कधी सुपर संदूक, कधी दुगनास्त्र, रोज नवी क्लृप्ती. लाइफलाइन दर हंगामात बदलणार, डबल डिप (एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर) येणार, एक्सपर्ट येणार, एक्सपर्ट जाणार. घड्याळालासुद्धा लाडाचं नाव. बक्षिसाचं म्हणाल तर 2011 ला पाच कोटी झाले, 2013 ला सात, 2022 ला साडेसात. रक्कम फुगत गेली आणि तासाभरात होणारे प्रश्न बोटावर मोजण्याइतके राहिले. साडेसात कोटी कुणाला हवेत? आम्हाला प्रश्न हवेत!

हो हो, माहितीये, "टीआरपी असतो, चॅनेलला पोट असतं." माझा दीर हेच म्हणतो दरवेळी. असेल बाबा. 2000 साली काय टीआरपी नव्हता? रस्ते ओस पडायचे नऊ वाजता.

मला खरी चीड कशाची येते सांगू? ज्ञानाला एकट्याने आत येऊ देत नाहीत याची. हातात दुःख घेऊन या, मग बसा. आपली बबिता ताडे आठवते? अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीची, 2019 ला एक कोटी जिंकलेली. आठवतेच. काय आठवतं पण? खिचडी. शाळेत खिचडी शिजवायची, महिन्याला दीड हजार मिळायचे. आता मला सांगा, तिने एक कोटीला कोणता प्रश्न सोडवला? गुगल न करता सांगा. नाही ना येत? नवाथेचा प्रश्न 25 वर्षांनी येतो, आणि या बाईचा येत नाही. ती खिचडीमुळे कोट्यधीश झाली का? तिने वाचलेलं होतं! कधी वाचलं, काय वाचलं, एवढ्या रगाड्यातून वेळ कुठून काढला, उत्तराकडे कशी पोचली, हे मला बघायचं होतं. आपण तिला कढईसकट लक्षात ठेवलं आणि तिची हुशारी विसरलो. आणि वर म्हणायचं की आम्ही सामान्य माणसाचा सन्मान करतो.

अण्णा आज तिथे गेले असते तर त्यांचीही फिल्म केली असती. कोर्टाच्या पायऱ्या, जुनी सायकल, बापाविना वाढलेला मुलगा (जे खरं आहे, पण अण्णा आम्हालासुद्धा ते कधी सांगत बसले नाहीत). व्हायोलिन. आई पदराने डोळे टिपतेय. आणि कलम 88 कुठल्या तरी जाहिरातीच्या आधी पाच सेकंदांत उरकलं असतं. नको बाई. बरं झालं फोन लागला नाही ते.

आणि ते सेलिब्रिटी भाग! सिनेमा शुक्रवारी लागणार म्हणून नट-नट्या येणार, गाणं म्हणणार, नाचणार, एकमेकांच्या खोड्या काढणार, मधे तोंडी लावायला चार प्रश्न. प्रश्नही असे की दुसरीतल्या पोराने जांभई द्यावी. वर पैसे समाजकार्याला म्हणून कुणी बोलायची सोय नाही. त्याच खुर्चीसाठी कुणी वर्षानुवर्षं रांगेत आहे हो. कोल्हापूरच्या कविता चावला, बारावी शिकलेल्या गृहिणी, किती वर्षं चिकाटीने मागे लागल्या होत्या आणि 2022 ला एक कोटी घेऊन आल्या. तशा किती कविता अजून घरात बसून पर्यायाआधी उत्तरं देत असतील.

समाजकार्य करणाऱ्यांना बोलावतात त्या कर्मवीर भागांना मी नाव ठेवणार नाही. प्रकाश आणि मंदाताई आमटे आले, सिंधुताई सपकाळ आल्या. सिंधुताईंच्या पाया पडला अमिताभ. ते बघताना मीही रडले, अण्णांनी म्यूट केलं नाही. पण तो वेगळा कार्यक्रम करा ना. त्याला प्रश्नांचं निमित्त कशाला?

अमिताभबद्दल मात्र कमेंटमध्ये वाकडं लिहू नका, उडवून टाकीन. ऐंशी ओलांडलेला माणूस, तासन्‌तास उभा-बसता, समोरच्या घाबरलेल्या बाईला पाणी विचारणार, खुर्ची सरकवून देणार, चुकलं तर "कोई बात नहीं" अशा आवाजात म्हणणार की हरणाऱ्याला हरल्यासारखं वाटू नये. 2007 ला शाहरुखने केलं ते आमच्या घरी कुणी मनावर घेतलं नाही. "लॉक"च्या जागी "फ्रीज" काय, मिठ्या काय. अण्णा म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे, पण याला उत्तराची घाई नाही." नक्की काय म्हणायचं होतं कोण जाणे, पण तेव्हापासून आमच्याकडे तेच वाक्य चालतं.

मराठीत सचिन खेडेकरांनी केलं तेव्हा मला बरंच बरं वाटलं होतं. आवाज चढवायचे नाहीत. तिथेही गोष्टी होत्याच, पण माणूस आपल्या भाषेत बोलतोय म्हटल्यावर जरा सोसतं.

माझी मावसबहीण लंडनला असते. मूळ कार्यक्रम तिकडचाच, 1998 चा. 2018 ला त्यांनी नव्याने सुरू केला, सूत्रधार बदलला, त्यालाच उत्तर विचारायची एक लाइफलाइन वाढवली. पण ती म्हणते पंधरा प्रश्न ते पंधराच ठेवलेत, आणि माणूस बसला की खेळ सुरू. म्हणजे जमतं. करायचं असलं की जमतं.

भाचा म्हणतो, "मावशी, तुला खेळायचंय ना, मग ॲपवर खेळ की, प्ले अलाँग असतं." असतं, माहितीये. 2017 पासून घरबसल्या मोबाइलवर खेळता येतं, बक्षिसंही मिळतात. खेळून बघितलं मी. तो एका कोपऱ्यात मोबाइलमध्ये, मी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि अण्णांना तो बारका स्क्रीन दिसत नाही. पर्याय आल्याशिवाय बोट कुठे लावणार? म्हणजे आमच्या घरचा नियमच मोडला. ओरडणार कोण मग? आणि कुणावर?

असो. चिडचिड झाली, लिहून टाकली. खरं सांगायचं तर म्यूट केल्यावर अण्णांची रात्र काही वाईट गेली नाही. प्रश्न पडद्यावर आला की मी "अण्णा" म्हणायची, ते चष्मा नाकावर घेऊन वाचायचे. मी पर्यायांवर हात धरून उभी, टीव्हीला चिकटून. इतिहासाचा बरोबर, नद्यांचा बरोबर. एका वेब सिरीजवरचा प्रश्न आला तेव्हा म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हटलं, मलाही माहीत नाही. मग परत पेपर.

"बघू नका मग" असं लिहायला जे आत्ता बोटं शिवशिवताहेत त्यांना आधीच सांगते, उद्या नऊला आमच्याकडे सोनीच लागणार आहे.

आता कामाचं. 2000 सालचे पूर्ण भाग, जाहिरातींसकट चालतील, कुणी तेव्हा व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवले असतील तर मला इनबॉक्स करा. यूट्यूबवर तुकडे तुकडे आहेत, ते सगळे अण्णांचे बघून झालेत. कॅसेटला बुरशी धरली असली तरी हरकत नाही, साफ करून देणारा एक जण तुळशीबागेच्या मागे मिळालाय. व्हीसीआर पण लागेल. तोही कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर न्यायला मी स्वतः येते.