‘कुणाचा रे तू?’ : मागच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही नाव टाकलं नाही म्हणून दादाच म्हणतो, वयानं लहान असलात तर सांभाळून घ्या. उत्तर द्यायला आठ-दहा दिवस लागले. एक तर सोयाबीन घरात आणायची गडबड होती, आणि दुसरं म्हणजे तुमचं लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोकं तापलं होतं, तेव्हाच लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या गेल्या असत्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या वेळी मी आमच्या आप्पांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल लिहिलं होतं. औशात चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस, आता अल्झायमर, मला ओळखत नाहीत, पण रद्दीचा कागद आणि दोरा हातात दिला की साखरेची पुडी अशी बांधतात की उलटी धरली तरी दाणा सांडत नाही. म्हणून आप्पा अजून आप्पाच आहेत, असं मी म्हणलो होतो. त्यावर दादांचं म्हणणं असं की माणूस म्हणजे मेंदूचं काम, दुसरं काही नाही, आठवण पुसली की माणूस संपला, उरतं ते शरीर, आणि आत्मा मागच्या दारानं घरात घेऊ नका. पुरावा म्हणून फिनिअस गेज, डोक्यातून पहार आरपार जाऊन स्वभाव बदललेला अमेरिकेतला मुकादम.

आधी आत्म्याचं उरकून टाकतो. मी आत्मा आणलेला नाही. आमच्या मराठवाड्यात आपेगाव, पैठण, अंबाजोगाई, गंगाखेड अशी संतांची गावं असल्यामुळं माणूस बोलायला लागला की समोरच्याला आता अभंगच येणार असं वाटतं, त्याला माझा इलाज नाही. आणि तुमचं म्हणणं पण काही लॅबमधून परवा निघालेलं नाही. किण्व (दारूचं खमीर) आंबलं की त्यातून जशी नशा निघते तसं शरीरातून चैतन्य निघतं, हे आत्मा न मानणाऱ्या चार्वाकांनी कधीच सांगून ठेवलंय. मला ते पटतं पण. डोक्यात साधारण ८६ अब्ज चेतापेशी, त्यातल्या मरायला लागल्या की आप्पा पोराचं नाव विसरतात, इथं वाद घालण्यासारखं काही नाही.

आता पुडीचं. इथं तुम्ही मला पकडलं आणि बरोबर पकडलं. पुडी म्हणजे मेंदूच्या पलीकडचा पुरावा असं मी लिहून बसलो, ते चूक. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या माणसाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवण पक्की करणाऱ्या जागेचा, बराचसा भाग काढून टाकला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहिना, मगाशी भेटलेला माणूस परत आला तरी नवीनच. पण आरशात बघून चांदणी गिरवायचं काम त्याला दिलं तर रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि दरवेळी त्याला वाटायचं आपण हे पहिल्यांदाच करायलोय. म्हणजे हाताचं शिकणं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. अल्झायमर सहसा हिप्पोकॅम्पसच्या आसपास सुरू होतो, म्हणून नाव जातं आणि पुडी राहते. पुडी पण मेंदूच. मागच्या लेखातलं ते वाक्य मी खोडलंय.

पण गेजचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलं. १८४८ मध्ये रेल्वेच्या कामावर सुरुंगाचा स्फोट होऊन साडेतीन फुटाची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्याच्या वर निघाली, माणूस जगला, स्वभाव पार बदलला, दोस्त म्हणायला लागले हा आता गेज राहिला नाही. इथवर ठीक. पुढं हाच माणूस चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, आणि तब्येत ढासळल्यावर आईकडं परत आला, १८६० मध्ये वारला. दोस्तांना तो गेज वाटला नाही, पण आईनं ‘तू कोण’ म्हणून दारातून परत लावला नाही. शिवाय त्याची आठवण गेलीच नव्हती हो! गेला होता तो स्वभाव. मग ‘आठवण गेली की माणूस गेला’ याला गेजचा उपयोग कसा काय?

उलट २०१५ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि निकोल्स या दोघांनी अल्झायमर आणि तसल्या आजारांच्या पेशंटच्या घरच्यांनाच विचारून एक अभ्यास केला, त्यात असं दिसलं की घरच्यांना ‘हा आमचा माणूस राहिला नाही’ असं वाटतं ते विसरण्यामुळं नाही, चांगुलपणा बदलला की वाटतं. खोटं बोलणं, निर्दयपणा, माया आटणं.

हे वाचून मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही, कारण आमच्याकडं ते पण सुरू झालंय. संध्याकाळी दिवा लागायच्या टायमाला आप्पांचं डोकं फिरतं, माझ्या बायकोला चोर म्हणतात, गल्ल्यातले पैसे हिनं काढले म्हणतात, आणि जे शब्द वापरतात ते इथं लिहिता येत नाहीत. ज्या सुनेला त्यांनी आयुष्यात अरे-तुरे केलं नाही तिला. मी तिला म्हणतो, हे आप्पा नाहीत बोलायले, आजार बोलायलाय. परवा ती म्हणली, “पुडी बांधली की आप्पा, आणि शिव्या दिल्या की आजार. तुम्ही पुड्या बघायलात, मी दिवसभर ऐकायले.” दादा, हा प्रश्न खरं तर तुम्ही विचारायला पाहिजे होता, तुमच्या प्रतिक्रियेपेक्षा लई जड आहे. माझ्याकडं त्याचं उत्तर नाही. आप्पा शिव्या आधी पण द्यायचे, फक्त गिऱ्हाइकाला आणि सुनेला नाही, एवढंच सांगू शकतो.

मग मी कशाच्या जोरावर अडून बसलोय? दिवाळीच्या आधी दुकानात एक माणूस आला, साठीचा, किल्लारीकडच्या एका गावचा. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आमच्याकडं कुणाला सांगायला लागत नाही, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या आत दगडामातीच्या भिंतींखाली गेले, नऊ हजारांच्या वर माणूस. याचं गाव पण गेलं, नंतर दुसऱ्या जागी सरळ रेषेत रस्ते मारून नवीन वसवलं. आता जुन्या जागी बाभळी आहेत, तिथली एक वीट पण नवीन गावात आली नाही, तरी हा माणूस ‘आमचं गाव’ म्हणतो तेव्हा एकच गाव सांगतो. मधे एखादा वरचा साहेब येऊन म्हणला की तुमचं गाव संपलं, ही नुसती वसाहत आहे, तर त्याला चहा पण मिळणार नाही.

तर तो म्हणला, भूकंपानंतर घरात काही राहिलं नव्हतं, आप्पांनी दोन महिने उधार माल दिला, त्यातले सातशे रुपये राहिले, मी पुण्याला कामाला गेलो आणि ते तसंच राहून गेलं. मी म्हणलो, काका, ती वही कधीच रद्दीत गेली, राहू द्या. ऐकेना. मी हात पुढं केला तर मला पण देईना. “तुला कशाला, घेतलेत आप्पांकडून.”

आता बघा. ती उधारी वहीत नाही. आप्पांच्या डोक्यात नाही. माझ्या तर नव्हतीच. ती होती फक्त या माणसाच्या डोक्यात, तीस वर्षं. तुम्ही म्हणाल ते पण डोकंच की, मेंदूच. हो, मेंदूच, पण आप्पांचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: आप्पा कोण, यातलं बरंचसं आप्पांच्या कवटीत कधी ठेवलेलंच नव्हतं, ते अर्ध्या तालुक्यात पसरलेलं आहे, त्यामुळं त्यांची कवटी रिकामी होत चालली तरी सगळं जात नाही. तुम्ही मेंदू म्हणता, मी पण मेंदूच म्हणतोय, फक्त एकाच माणसाच्या मेंदूवर तुम्ही सगळा हिशोब बंद करताय. आपल्याकडं अनोळखी पोराला ‘कोण तू’ असं कोण विचारतं हो? ‘कुणाचा रे तू’ विचारतात.

बँकेत सही जुळत नाही म्हणून अंगठा घेतात ते पण लिहिणार होतो, पण तो मुद्दा कच्चा आहे, सोडून देतो.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, ‘यातलं तुमच्या वडिलांना काही कळतं का?’ त्या दिवशी काय झालं ते सांगतो, तुम्हीच ठरवा. त्या माणसानं पाया पडून पैसे आप्पांच्या हातात दिले. आप्पांनी अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या, दोनदा, बरोबर सातशे. मग त्याच्याकडं बघून विचारलं, “कुणाचा रे तू?” त्यानं बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आप्पांनी मान हलवली, आणि नोटा माझ्याकडं सरकवत म्हणले, “मालक आले की द्या त्यांना.”