टॉमी जॉनचे १६४ विजय कोणाचे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुम्ही वेळ काढून एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तेव्हा उत्तरही तसेच द्यायला हवे. टॉमी जॉन या अमेरिकन बेसबॉलमधल्या डावखुऱ्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) कारकिर्दीवरच्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, १९७४ मध्ये त्याच्या कोपरावर झालेल्या आणि आज त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरचे यश ती करणारे डॉक्टर फ्रँक जोब यांचे आहे, पिचरचे नाही. दोन, पाच दिवसांतून एकदा शंभर चेंडू टाकणाऱ्याच्या हाताचे एवढे काय, आपले वेगवान गोलंदाज कसोटीत दिवसाला वीस षटके टाकतात. तीन, या शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा वेगवान होतो, म्हणजे हा गैरफायदाच; न्यू जर्सीतल्या तुमच्या तेरा वर्षांच्या भाच्याच्या संघातही पालक असेच बोलतात, असे तुम्ही लिहिले आहे.

आधी दुसरा आक्षेप घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचे मिळणार नाही.

क्रिकेटमध्ये चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. त्यामुळे गोलंदाजाचा हात जवळजवळ सरळच खांद्याभोवती फिरतो आणि धावत येऊन आपटलेल्या पुढच्या पायाचा भार कंबरेवर येतो. म्हणून वेगवान गोलंदाजांची पाठ जाते, कंबरेच्या मणक्यांना बारीक तडे जातात. बुमराहची २०२३ मधली शस्त्रक्रियाही पाठीचीच होती. पिचरचे तसे नाही. त्याचे कोपर साधारण काटकोनात वाकलेले असते, पंजा मागे पडलेला असतो आणि त्या अवस्थेतून दंड आतल्या बाजूला फिरतो, सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपासच्या वेगाने. मनुष्याच्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. दंड पुढे निघतो, पंजा मागे राहतो आणि कोपराची आतली बाजू उघडू पाहते. तिला धरून ठेवणारा लिगामेंट म्हणजे अल्नर कोलॅटरल लिगामेंट, दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे हाड यांना जोडणारा छोटासा पट्टा.

जोरकस फेकीत कोपरावर येणारा पीळ ६० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हा लिगामेंट एकटा असला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास तुटतो. मग प्रत्येक फेकीला तो तुटत का नाही? कारण हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू उरलेला भार उचलतात. स्नायू थकले की तो भार लिगामेंटवर जातो. शंभर चेंडूंची मर्यादा आली ती इथून. चेंडू किती टाकले यापेक्षा थकलेल्या हाताने किती टाकले, हे महत्त्वाचे. शिवाय त्या शंभरात सामन्याआधीच्या आणि प्रत्येक इनिंगआधीच्या (सामन्यातल्या नऊ डावांपैकी प्रत्येकाआधीच्या) सरावाच्या फेकी धरलेल्या नसतात. मधले चार दिवसही बसून काढायचे नसतात: दुसऱ्या दिवशी धावणे आणि हलकी फेकाफेक, दोन-तीन दिवसांनी माउंडवरून (पिचर जिथून फेकतो त्या उंचवट्यावरून) सरावाची थोडी फेक, मग पुन्हा विश्रांती. वीस षटके टाकणाऱ्या गोलंदाजाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ही दोन माणसे शरीराची वेगवेगळी जागा पणाला लावतात.

आता मुख्य मुद्दा. १७ जुलै १९७४ ला लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध खेळताना जॉनचा हा लिगामेंट तुटला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि त्या हंगामात त्याच्या नावावर १३ विजय, ३ पराभव होते (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव पिचरच्या नावे नोंदतात). त्या काळी अशा पिचरचे पुढे काही होत नसे. याच संघाचा डावखुरा सँडी कोफॅक्स कोपराच्या संधिवातामुळे १९६६ मध्ये, ऐन तिशीत निवृत्त झाला होता. जॉनने आधी विश्रांती घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. २५ सप्टेंबरला जोबनी त्याच्या उजव्या मनगटाजवळचा पामारिस लाँगस नावाचा टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढला, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोके पाडली आणि तो टेंडन त्यांतून इंग्रजी आठच्या आकारात ओवून घट्ट केला. (हा टेंडन काढला तरी हाताचे काही अडत नाही. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवले की मधोमध दोरीसारखा उठतो तोच. काही लोकांना तो जन्मतःच नसतो. मग मांडीचा टेंडन घेतात.) पुन्हा खेळण्याची शक्यता जोबनी शंभरात एक सांगितली होती.

डॉक्टरांचे काम इथपर्यंत, आणि ते थोर आहे. पण त्या टेबलावरून जॉन उठला तो पिचर म्हणून नव्हे. कोपराच्या आतून जाणारी अल्नर नस दुखावली होती, बोटे आखडून पंजा नखीसारखा झाला होता. डिसेंबरमध्ये नसेसाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. करंगळी आणि शेजारच्या बोटात ताकद नसलेल्या माणसाला चेंडू नीट पकडताही येत नाही, फेकणे लांबच. १९७५ चा अख्खा हंगाम त्याने हात परत मिळवण्यात घालवला, तेही समोर कोणाचा नकाशा नसताना. आज पिचरला महिन्यागणिक वेळापत्रक मिळते: चार-पाच महिन्यांनी ४५ फुटांवरून हलकी फेक, मग ६०, ९०, १२० फूट, पुढे माउंड, आणि सामना साधारण वर्ष ते दीड वर्षाने. हे वेळापत्रक बनले ते जॉन आणि त्याच्या मागून आलेल्यांच्या अनुभवावर. संघातला माइक मार्शल हा शरीराच्या हालचालींचा अभ्यासक होता. त्याच्या सल्ल्याने जॉनने फेकीची पद्धतही बदलली: पाय फारसा न वळवता शरीर सरळ होम प्लेटकडे (फलंदाज उभा असतो तिकडे) नेणारी.

आणि मग फेकायचे काय? जॉनचे हत्यार सिंकर होते. हा चेंडू वेगाने घाबरवत नाही. गुडघ्याच्या उंचीवर येतो आणि शेवटच्या टप्प्यात खाली बसतो. बॅटची कड चेंडूच्या वरच्या भागाला लागते आणि चेंडू जमिनीवरून सरपटत इनफिल्डरकडे (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाकडे) जातो. धावपटू पहिल्या बेसवर असेल तर एका फटक्यात दोघे बाद. सिंकर चुकतो तो उंचीमुळे. मांडीच्या वर राहिला की तो नुसता संथ चेंडू असतो आणि प्रेक्षकांत जाऊन पडतो. म्हणजे जॉनला दर वेळी दोन-तीन इंचांच्या पट्ट्यात चेंडू ठेवायचा होता, शिवलेल्या कोपराने. डॉजर्सचे गार्वी, लोप्स, रसेल आणि से हे इनफिल्ड त्याच्या मागे होते, त्याचा वाटा मोठा आहे. १९७९ मध्ये यांकीजकडून त्याने २७६ इनिंग टाकल्या आणि त्यांत फलंदाजाला चेंडू मैदानात मारू न देता बाद केले (स्ट्राइकआउट) फक्त १११. विजय २१! आजच्या पिचरला हा आकडा खोटा वाटेल.

१९७६ मध्ये परतल्यावर १० विजय, १० पराभव. १९७७ मध्ये २० विजय, ७ पराभव आणि दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा २.७८. त्याच वर्षी लीगच्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात भर पावसात फिलाडेल्फियाच्या स्टीव्ह कार्लटनसमोर त्याने पूर्ण सामना टाकून जिंकला. १९८० मध्ये २२ विजय. १९८९ मध्ये, ४६ व्या वर्षी थांबला तेव्हा २६ हंगामांत एकूण २८८ विजय होते, त्यांतले १२४ शस्त्रक्रियेआधीचे आणि १६४ नंतरचे. जोब यांचे श्रेय कोणी नाकारत नाही. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमने (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनाने) २०१३ मध्ये त्यांचा गौरवही केला. खेळाडू जॉनला मात्र तिथे अजून जागा नाही. पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के लागतात, त्याला जास्तीत जास्त ३१.७ मिळाले, डिसेंबर २०२४ मध्ये समितीच्या १६ पैकी ७ मते मिळाली, लागत होती १२. त्याला वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार कधी मिळाला नाही, त्याच्या तिन्ही वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपदाच्या मालिका) त्याचा संघ हरला, हे खरे. तरीही माझ्या मते त्याला तिथे जागा हवी. शस्त्रक्रियेला आपले नाव दिल्यामुळे त्याची पिचिंगच झाकली गेली आहे, आणि तुमची प्रतिक्रिया त्याचेच उदाहरण आहे, असे मी आदराने म्हणेन.

तिसरा आक्षेप मात्र घातक आहे. नवा टेंडन चेंडूला वेग देत नाही. वेग पाय, कंबर, धड आणि खांदा यांतून येतो. लिगामेंट फक्त सांधा धरून ठेवतो. काही जण परतल्यावर वेगवान दिसतात, कारण तुटण्याआधीचे बरेच दिवस ते दुखऱ्या हाताने हळू फेकत होते आणि नंतर वर्षभर त्यांनी अंग कमावले. परत येऊ न शकलेले कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आज मेजर लीगच्या (सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या) पिचरांपैकी सुमारे एक तृतीयांशांवर ही शस्त्रक्रिया झाली आहे. फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मधल्या ताशी ९१ मैलांवरून ९४ च्या पुढे गेला आणि प्रत्येक चेंडू सर्व ताकदीनिशी टाकला जातो, ही त्यामागची मोठी कारणे आहेत.

तुमच्या भाच्याविषयी. तेराव्या वर्षी लिगामेंटच्या आधी हाडाचा वाढीचा भाग सैल होतो, तोच जिथे लिगामेंट चिकटलेला असतो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखणे, वेग किंवा नेम अचानक जाणे, करंगळीत मुंग्या येणे, यांतले काहीही दिसले तर फेक त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. मेजर लीग बेसबॉलच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर (फलंदाजामागे चेंडू पकडणारा) दोन्ही व्हायचे नाही. वर्षातून चार महिने पिचिंग बंद, त्यांतले दोन-तीन सलग. दोन संघांकडून खेळत असेल तर दोन्हीकडचे चेंडू एकत्र मोजा. हे काम प्रशिक्षक करत नाहीत, घरच्यांनाच वही ठेवावी लागते.