नेट चढ शून्य

मेव्हणा म्हणाला, "दाजी, गोल रूट आहे. जिथनं निघायचं तिथंच परत यायचं. म्हणजे नेट चढ किती? शून्य." आणि मी, एकेकाळी फिजिक्स घेतलेला माणूस, चक्क मान डोलावली, कारण हिशोब बरोबरच होता ना, निघतानाची उंची आणि परत येतानाची उंची एकच, वजाबाकी केली की हातात काही उरत नाही. गुडघ्यांना वजाबाकी येत नाही, त्यांना फक्त बेरीज येते, हे मला पाचव्या किलोमीटरला कळलं.

रूट चौदा किलोमीटरचा. अर्धा डोंगरातून, अर्धा समुद्राच्या कडेने. मोबाईलवर दिसायला इतका गोंडस, लहान मुलाने पहिल्यांदा काढलेल्या गोलासारखा. खाली उंचीचा एक ग्राफ होता, करवतीच्या दातांसारखा, पण तो बघायला स्क्रीन वर सरकवावी लागते आणि मी सरकवली नाही. मेव्हण्याने वेळेचंही गणित आणलं होतं. 1892 मध्ये नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने नियम सांगितला, साधारण दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वर टाका. आमचा चढ सगळा मिळून 640 मीटर. (हा आकडा ऐकून तरी मी विचारायला हवं होतं की मग शून्याचं काय झालं. नाही विचारलं.) उत्तर आलं चार तासांना थोडं कमी. या नियमात माणूस धडधाकट आहे आणि वाटेत कुठेही टेकणार नाही असं गृहीत धरलेलं असतं, ते बारीक अक्षरातलं मला नंतर समजलं.

पहाटे साडेपाचला निघालो. नकाशावर उंचीच्या रेषा असतात, त्या जेवढ्या जवळ तेवढा चढ खडा, आणि एका ठिकाणी त्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या होत्या की मला वाटलं मोबाईलच्या काचेवर ओरखडा पडलाय. पुसून पण पाहिला. तो ओरखडा चढायला आम्हाला सव्वा तास लागला. दर दहा मिनिटांनी मेव्हणा पुढून ओरडणार, "दाजी, हा शेवटचा!" आणि त्या शेवटच्याच्या डोक्यावर गेलं की मागे दुसरा शेवटचा, आरामात बसलेला. दुरून डोंगर साजरे म्हणणारा माणूस एकदा तरी जवळ जाऊन आलेला असणार, ऐकीव माहितीवर एवढी पक्की म्हण होत नाही.

माथ्यावर मेव्हणा हात पसरून उभा. "बघा दाजी! किनाऱ्यावर उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं, इथे तीनशे मीटरवरून साठएक किलोमीटर दिसतंय!" मला तेव्हा माझे बूट दिसत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकलं की तेवढंच दिसतं. डाव्या बुटाची नाडी सुटली होती, आणि ती बांधायला खाली बसलो तर परत उठावं लागेल हे लक्षात आल्यावर मी ती तशीच राहू दिली.

मग उतार. उतार आला की बरं वाटतं, ती फसवणूक आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, उतरताना ताणले जात असताना ब्रेक लावत राहतात, आणि स्नायूंना खरी इजा होते ती यातच. फक्त ती लगेच कळत नाही, बिल एक-दोन दिवसांनी येतं. लगेच कळलं ते अंगठ्याला. प्रत्येक पावलाला बुटाच्या पुढच्या टोकावर टकटक, टकटक, आतून कुणीतरी दार वाजवतंय.

खाली पोचलो तेव्हा निम्मं अंतर झालं होतं आणि गोल रूटची खरी मेख इथे आहे. जाऊन-येऊन रस्ता असेल तर माणूस कंटाळला की मागे फिरतो, सरळ रस्ता असेल तर पलीकडे कुणी न्यायला येऊ शकतं, पण गोलात तुम्ही पार मोडता तेव्हा बरोब्बर सगळ्यात लांब असता. मागे सात, पुढे सात. घाण्याच्या बैलालासुद्धा मधे दोर सोडून उभं करतात.

"आता काय, समुद्र! सपाट!" मेव्हणा म्हणाला.

वाळू सपाट असते, पण मऊ वाळूत त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद जाते, पाऊल टाकलं की खाली जातं आणि पुढे ढकललं की मागे. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट, पण ती पाण्याकडे तिरकी, म्हणजे एक पाय कायम खड्ड्यात. किलोमीटरभर मी लंगडल्यासारखा चाललो, आणि मग पुळण संपली. नकाशावर संपत नव्हती हां. प्रत्यक्षात पुढे डोंगराचं टोक आणि त्याच्या पायाशी पाणी.

झालं असं की ओहोटी आठ वाजताची होती आणि पोचायचं होतं पावणेआठला. आम्ही पोचलो दहा वीसला. भरती सुरुवातीला हळूहळू चढते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात, आणि आम्ही अगदी मुहूर्त काढून तिसऱ्या तासात आलो होतो. त्यात दोन दिवसांपूर्वी पौर्णिमा होऊन गेलेली, म्हणजे उधाणाची भरती. मेव्हणा पाण्याकडे बघून म्हणाला, "थांबू या का ओसरेपर्यंत?" मी म्हटलं, "अरे, अजून वर यायचंय ते! थांबलो तर अंधार पडेल." तो गप्प. दिवसभरातला माझा तेवढा एकच विजय.

मग कड्यावरची वाट. आणि करवतीचे ते दात, जे मी डोंगराचे समजत होतो, ते निम्मेअधिक इथले निघाले. प्रत्येक ओहळ समुद्राला मिळताना कडा कापून जातो, त्यामुळे खाली ओहळापर्यंत उतरा, पलीकडे तेवढंच चढा, शंभर पावलं समुद्र बघा, की ये रे माझ्या मागल्या. असे चार ओहळ. चौथ्याला मी उभा राहिलो नाही, बसूनच घसरत उतरलो. पँटचं जे झालं ते झालं.

दीड वाजता गाडी दिसली. चार तासांचे आठ झाले होते. मी दाराला हात घातला तर मेव्हणा घड्याळ बघत गाडीभोवती फिरतोय. 13.9 दाखवत होतं म्हणे, चौदा पूर्ण करायचे होते.

तिसऱ्या दिवशी मी जिना उलटा उतरत होतो. हसू नका, कठड्याला धरून पाठमोरं उतरलं की मांड्या कमी ओरडतात. तीन मजले, सत्तेचाळीस पायऱ्या, मधे एकदा विश्रांती. खाली पोचून खिशात हात घातला तर किल्ली वरच राहिलेली. बायको वरून वाकून बघत होती. तिला म्हटलं, "अगं, किल्ली टाक ना खाली."

"या की वर," ती म्हणाली. "परत खालीच उतरायचंय ना? शून्यच होईल."

शेवटी सख्खी बहीण त्याची.